डाव्या हाताचा फोटो

मखमलाबाद, नाशिक
१३ डिसेंबर १९९८

तीर्थरूप रंगनाथभाऊस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वहिनींना नमस्कार. सार्थकला माझा एक पापा. काका कोणता म्हणून विचारलं तर सांग, ट्रकवर असतो तो. आता नसतो, पण पोरांना ट्रक आवडतो.

इकडे सगळं ठीक. थंडी चांगली पडली आहे. आण्णा सकाळी शेकोटीशी बसून खोकतात आणि विडी सोडली म्हणून सांगतात. खोटं नाही, सोडतात, मग परत धरतात. तुझ्या दुकानात फोन केला की तू 'औषधाची गाडी आली की कळवतो' म्हणून ठेवून देतोस. गिऱ्हाईक समोर असेल, मी समजू शकतो. म्हणून पत्र. पत्र ठेवून दिलं तरी ते बोलायचं थांबत नाही.

अक्षराला हसू नको. नववीनंतर मी जे काही लिहिलं ते मालाच्या पावत्यांवर.

आता बातमी. मी नोकरीला लागलो. हसून झालं असेल तर पुढे वाच. सुरतेच्या गाडीवर क्लीनर होतो ते तुला माहीत आहे. मग घोटीच्या ढाब्यावर होतो, तिथला इंद्रायणी भात अजून आठवतो. मग एका तंबूच्या सिनेमाबरोबर नांदगावपर्यंत गेलो. त्या मालकाकडे एक माकड होतं, ते पडद्यावर हिरो आला की शिट्टी... जाऊ दे, माकडाचं नंतर. तर नोकरी. रविवार कारंजाजवळ एक म्हातारे डॉक्टर आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. पुढे दवाखाना आणि मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी, डिंक, कात्री, पांढरी शाई. त्या खोलीतून डॉक्टरांचं एक त्रैमासिक निघतं. नाव 'दवाखाना'. नाना म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलवाल्यांची मासिकं ढिगाने आहेत, पण ताप-खोकला-पोटदुखी बघणाऱ्या घरच्या डॉक्टरचं कुठं आहे? तर हे त्यांचं. लेख इंग्रजीत, शेवटी मराठीत थोडक्यात सांगितलेलं असतं, तेवढं मला वाचता येतं. घोटीकडच्या एका डॉक्टरने भातलावणीच्या बायकांच्या पायाच्या चिखल्यांवर लिहिलं होतं. मी त्या बायकांना भात वाढलाय भाऊ, आणि त्यांचे पाय बघायचं कधी सुचलं नाही.

माझं काम ऐक, म्हणजे तुझा भाऊ काय चीज आहे ते कळेल. लेख आला की तो तसाच छापत नाहीत. तो आधी दोन परीक्षकांकडे जातो, तेही डॉक्टरच. लेख कुणी लिहिला ते परीक्षकाला कळू द्यायचं नाही. कुणी तपासला ते लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. नाहीतर ओळखीपाळखीने वाहवा होते, नाहीतर जुनं भांडण निघतं. म्हणून लिहिणाऱ्याच्या नावावर, गावावर, दवाखान्याच्या शिक्क्यावर मी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतो, झेरॉक्स काढतो आणि पाकिटं टपालात टाकतो. शहरातली असली तर सायकलवर नेऊन देतो. दोन्हीकडची नावं ठाऊक असणारी माणसं दोनच, नाना आणि मी. तू म्हणायचास ना, भारतच्या तोंडात तीळ भिजत नाही? आता ये आणि बघ.

हे काम मला मिळवून दिलं मंजुषा मॅडमनी. मखमलाबाद नाक्यावरच्या, आपल्याच डॉक्टर. त्या नानांना म्हणाल्या, "पोरगं एका जागी बसत नाही, पण पाकिटं पोचवायला फिरणाराच लागतो ना?"

आईचं बरं आहे.

हे वाक्य वाचून तू थांबशील, म्हणून वेगळं लिहिलं. नेहमीसारखं 'बरं आहे' नव्हे, खरंच बरं आहे.

तू सार्थकला घेऊन निफाडला गेलास तेव्हा तो रांगत होता, आणि आईचं तोंड कसं झालं होतं ते तुला सांगायला नको. कपाळ जाड, भुवया सुजलेल्या, कानाच्या पाळ्या लोंबायला लागलेल्या. हातांची कातडी वाळलेल्या चामड्यासारखी, डाव्या हातावरचं गोंदण तर त्यात बुडूनच गेलं होतं. फुलबाजारात बायका आपली पाटी तिच्यापासून लांब सरकवायच्या. त्या रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं. तूही घेतलं नव्हतंस. नुसती पोराची झबली बांधलीस.

असो. तर झालं असं. मॅडम आपलं सगळं घर ओळखतात. आण्णांचा खोकला त्यांच्याकडे, माझा मोडलेला हात त्यांच्याकडे. त्या एकदा आईला म्हणाल्या, "साळूबाई, तुम्ही नांदगावला भावाकडे जाऊन आलात की तोंड उजळून येता. भाऊ काय खायला घालतो?"

आई म्हणाली, "बाजरीची भाकर आन् भावजयीचं टोमणं."

"आणि तिथं शेवंती?"

"नांदगावला कुठली शेवंती बाई? तिथं प्यायला पाणी नाय."

मग मॅडमनी शेवंतीचा पाला चुरडला, गाजरगवताचा चुरडला आणि आईच्या पाठीवर पट्टीने चिकटवला. शेजारी कोबीचं एक पान लावलं, साक्षीदार म्हणून. परवा या म्हणाल्या. परवा पट्ट्या काढल्या तर शेवंतीखाली आणि गाजरगवताखाली लालभडक फोड, आणि कोबीखाली कातडी जशीच्या तशी. आईला सोसत नव्हती ती आपली शेवंती, भाऊ. मळ्यातली, जिच्यावर तू मी वाढलो ती. तिचा कण हवेत उडतो आणि जिथं लुगडं नाही तिथं बसतो. पोळकं जिथं संपतं तिथून रोग सुरू व्हायचा, हे आपण कुणी पाहिलंच नव्हतं. मॅडमनी आईला मळ्यापासून लांब ठेवलं, तशी सूज उतरायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "ज्याची तुम्ही सगळे भीती धरून बसलात त्यात चट्टा खाजत नाही, बधिर असतो. ह्या तर ओरबाडून घेतात. आणि तो असता तरी काय? त्याला गोळ्या आहेत, तो बरा होतो. त्यासाठी माणसाला कुणी लांब सरकवत नाही." हे वाक्य मी तुला उद्देशून लिहिलेलं नाही. मॅडमचं आहे, जसंच्या तसं दिलं.

मॅडमनी यावर लेख लिहायला घेतलाय, 'दवाखाना'साठी. कारण आईसारख्या आणखी असतील, आणि डॉक्टरही फसतात. पण रोग्याची परवानगी लागते, सही किंवा अंगठा. मॅडम कागद घेऊन घरी आल्या. आईला कोण आनंद! म्हणाली, "छापा. नाव मोठ्ठं टाका. साळूबाई पुंजा मौले."

मॅडम म्हणाल्या, "नाव नाही छापत हो."

"मंग काय छापता?"

"फुलशेती करणारी एक स्त्री, असं."

"अशा लय बाया हाईत." आई उठलीच. "लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर मामा मांडवात पाय टाकीत नाय. आन् माझ्या रोगात माझंच नाव नाय? लांब सरकिवताना समद्यांना माझं नाव ठावं होतं."

तिला ते पान फुलबाजारात खांबाला लावायचंय. म्हणजे बायकांनी वाचावं की साळूबाईला ते नाही. आता बोल. मी नियमही सांभाळायचा आणि आईलाही. कागद कोरा घेऊन मॅडम परत गेल्या. आईचा अंगठा नाही तर लेख नाही. आता नाना स्वतः यायचं म्हणतायत.

आई तुझी आठवण काढते असं लिहिणार नव्हतो, तिने सांगितलंय लिहू नको म्हणून.

तुझा,
भारत


मखमलाबाद
१८ एप्रिल १९९९

भाऊस नमस्कार,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे मिळालं. टपालातलं मला आता बरंच कळतं.

ऊन मरणाचं आहे. तुमच्याकडे द्राक्षं उतरली असतील. आण्णांनी मळ्यात निशिगंध लावलाय आणि कडेने वांगी. 'शेवंती का नाही' हे विचारलंस मनात? सांगतो, पण आधी नाना.

नाना आले ते स्कूटरवरून, डोक्याला रुमाल बांधून. ओट्यावर बसले, गुळाचा चहा घेतला आणि आईचं सगळं ऐकून घेतलं, मामाच्या पत्रिकेसकट. मोठ्याने हसले. मग म्हणाले, "साळूबाई, तुमचं खरं आहे. पण हा अंक जन्मभर राहतो. घरी नातू आहे का?"

आई म्हणाली, "हाय. सार्थक."

"उद्या सार्थकला मुलगी सांगून आली, आणि सोयऱ्यांपैकी कुणी अर्धवट शहाण्याने हे पान काढलं. आजीचं नाव, आजीचं तोंड, रोगाची चर्चा. खालचा निकाल कुणी वाचत नाही हो. लोक फोटो बघतात आणि उठतात."

आई बराच वेळ ओट्याची कड पुसत बसली, पदराने. मग म्हणाली, "आणा तुमचा कागद." आणि अंगठा दिला.

भाऊ, तू जे सार्थकसाठी केलंस तेच आईने सार्थकसाठी केलं. एवढंच. पुढे लिहीत नाही, नाहीतर शाई सांडेल.

लेख गेला परीक्षकांकडे. मॅडमचं नाव मीच झाकलं. एकाचं उत्तर आलं, छान आहे, छापा. दुसऱ्याचं आलं ते दोन पानं भरून. नुसती खोड! कानाच्या पाळीतून नमुना घेऊन तपासला का? कापसाची वात फिरवून स्पर्श कळतो का ते पाहिलं का? शेवंतीपासून लांब ठेवल्यावर बरी झाली हे ठीक, पण परत आल्यावर पुन्हा उठलं याची नोंद कुठं आहे? आणि मळ्यातून शेवंती गेल्यावर काय झालं? हे सगळं असेल तरच छापा, नाहीतर नको.

मॅडम तापल्या. नानांच्या टेबलावर लेख आपटला. "मी हिला कधीपासून बघतेय. मला दिसतंय ते काहीच नाही का? हा कोण घरात बसून सांगणारा?"

नाना म्हणाले, "तुम्हाला दिसतंय. त्याला दिसत नाही. वाचणाऱ्यालाही दिसणार नाही. वाचणाऱ्याची बाजू त्याने घेतली."

मी कोपऱ्यात डिंक लावत होतो. हा कोण ते मला माहीत होतं, भाऊ. पाकीट मीच दिलं होतं. मॅडम नंतर पायरीवर मला म्हणाल्या, "भारत, कोण रे हा?" ज्यांनी मला नोकरी दिली त्या विचारत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, तो पट्टीखाली आहे." त्या मग हसल्या आणि म्हणाल्या, "शाबास. चल, नमुना घ्यायची व्यवस्था करू."

तो नमुना सरकारी दवाखान्यात, ज्या खोलीत त्या रोगाचीच माणसं बसतात तिथं द्यायचा होता. एवढी वर्षं आई तिथं जायचं टाळत होती. कुणी बघितलं तर झालंच. मी म्हणालो, आई, पदर ओढून घे, मी पुढे चालतो. ती म्हणाली, "चोरी केली का मी? तोंड झाकून नाय येणार." आणि डोक्यावरचा पदर मागे सारून तशी चालली, माझ्याही पुढे. मला तिच्या मागे पळायला लागलं.

आणि तिथं ओळीत कोण, तर फुलबाजारातली गोजराबाई! तिच्या जावयाची काहीतरी चिठ्ठी न्यायला आली होती. हिनेच पहिली पाटी सरकवली होती. तिने आईला बघितलं आणि तोंडाला हात लावला. "अगं बया, साळू, तू हितं?"

आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हय. मला ते नाय आसं सरकारकडून लिहून घ्याया आले. तू कशाला आलीस?"

बाकावरची माणसं हसली. ज्यांना तो रोग आहे तीसुद्धा हसली. एका म्हातारबाबाने, ज्याची बोटं आखडलेली होती, सरकून आईला जागा दिली आणि आई बसली त्याच्या शेजारी, गप्पा मारत, वांग्याच्या भावाबद्दल. भाऊ, मी पुष्कळ गावं बघितली, पण एवढी ताठ बाई मी कुठं बघितली नाही, आणि ती आपली आई आहे.

नमुन्यात काही निघालं नाही. वात फिरवली तर हिला सगळीकडे कळते, गुदगुल्या होतात म्हणून ओरडली.

आता शेवंती. 'मळ्यातून शेवंती गेल्यावर काय झालं' हा प्रश्न मी घरी वाचून दाखवला. आण्णा ऐकत होते. आण्णांची शेवंती म्हणजे काय ते तुला माहीत आहे. व्यापारी पाटी न उघडता घेतात. दुसऱ्या दिवशी मी उठलो तर आण्णा मळ्यात, आणि अर्धं रान मोकळं. एकटेच उपटत होते. पुढच्या लागवडीची रोपंही ठेवली नाहीत. शेजारचा सावळीराम बांधावरून ओरडला, "पुंजाबाबा, डोकं फिरलं का?"

आण्णा म्हणाले, "फिरलं नाय. जाग्यावर आलं."

मग गाजरगवत. आपलं उपटून झालं तर दुसऱ्यांच्या बांधावरचंही उपटत फिरतात. लोक म्हणतात, म्हातारा फुकट निंदणी करतो, येऊ द्या.

मॅडम दर थोड्या दिवसांनी येऊन आईचे फोटो काढतात. तोंडाचे आणि हातांचे. पहिले फोटो गेल्या वर्षीचे आहेतच. आता दुसरे. फोटोला मॅडम म्हणाल्या, कुठलाही एक हात ठेवा. आईने डावा ठेवला. मॅडम म्हणाल्या, उजव्यावर उजेड चांगला आहे. आई म्हणाली, "डावाच घ्या."

तुझ्या पायाशी बसून सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. नको. आईने त्या खोड काढणाऱ्या डॉक्टरसाठी एक भोपळा ठेवलाय. "त्यानं इचारलं म्हणून मला कळलं. नायतर मनात किडा राह्यलाच असता," म्हणते. मी सांगितलं, आई, त्याला देता येत नाही, तो कोण ते सांगता येत नाही. म्हणाली, "मंग तुझ्या नानाच्या दारात ठिव. तो खाईल त्या मानसाच्या नावानं." तसं केलं. नानांकडे दोन दिवस भोपळाच होता.

वहिनींना नमस्कार. सार्थक शाळेत जायला लागला का? कळव. न कळवलंस तरी लिहीन.

भारत


मखमलाबाद
३ ऑक्टोबर १९९९

भाऊस,

अंक आला!

आधी तो हातात धर. सोबत पाठवलाय. आधी वास घे. छापखान्यातून आलेल्या ताज्या अंकाचा वास असतो तसा दुसरा कशाचा नसतो, सुरतेच्या नव्या कापडाचाही नाही. मी गठ्ठा सायकलवर आणला. रविवार कारंजावर मला थांबून लोकांना सांगावंसं वाटत होतं. एका रिक्षावाल्याला सांगितलंही. तो म्हणाला, पाठ्यपुस्तकं आहेत का? मी म्हणालो, त्याच्या वरची.

हे पुस्तक आता पेठला जाणार, सुरगाण्याला जाणार, पुण्या-मुंबईलाही. पाकिटांवर पत्ते मीच लिहिलेत. कुठल्या तरी गावात कुणी बाई डॉक्टरसमोर बसेल, जाड कपाळ घेऊन, आणि डॉक्टर तिला लांब बसवण्याच्या आधी विचारेल, मळ्यात काय लावता? एवढं एक वाक्य आपल्या घरातून निघालं. मी नववी नापास, आण्णा अंगठेबहाद्दर, आई अंगठेबहाद्दर, तू तेवढा शिकलेला. आणि पुस्तकात आम्ही. (हे टोचायला नाही लिहिलं. थोडं टोचायला लिहिलं.)

त्या खोड काढणाऱ्या परीक्षकाने दुसऱ्या वेळेला एकच ओळ लिहिली. मराठीत, इंग्रजी सोडून. 'या रुग्णाला आणि तिच्या नवऱ्याला माझा नमस्कार.' मी ती आण्णांना वाचून दाखवली. आण्णा म्हणाले, "नवऱ्याला कशाला?" आणि विडी पेटवायला मागच्या दाराने गेले.

आता बाजार. आई निशिगंध घेऊन बसते, जुन्या जागेवर. पहिल्या दिवशी गोजराबाईने आपली पाटी उचलली. मला वाटलं, झालं, परत सरकवते. तर तिने ती आईच्या पाटीला चिकटवून ठेवली आणि म्हणाली, "सरक गं, ऊन लागतंय." बस. माफीबिफी काही नाही. आई तेवढ्यावर खूष आहे. मी असतो तर भांडलो असतो.

आणि आता ते, जे मी दोन्ही पत्रांत लिहायचं टाळलं.

अंक उघड. लेख मधोमध आहे, बाजूबाजूला दोन फोटो. डावीकडचा आधीचा, उजवीकडचा नंतरचा. तोंडाचे फोटो नानांनी घेतले नाहीत, डोळ्यांवर पट्टी लावली तरी बाई ओळखू येते म्हणाले. हात घेतला. आधीच्या फोटोत हात बघ, नुसती जाड काळी साल, त्यावर काही वाचता येत नाही. गोंदण बुडालंय. नंतरच्या फोटोत कातडी मऊ झाली, खाली बसली, आणि गोंदण वर आलं. स्वच्छ. अक्षर न् अक्षर. मॅडम म्हणाल्या, याहून चांगला पुरावा नाही.

नानांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "नाव वाचता येतंय. पट्टी लाव, भारत."

वणीच्या गडावर चैत्रात गोंदणारी बाई बसायची, आई तुला कडेवर घेऊन गेली होती आणि पहिल्या मुलाचं नाव गोंदवून आली होती. ही गोष्ट आपण हजारदा ऐकली आहे. मी झालो तेव्हा म्हणे ती बाई आलीच नाही. मी लहानपणी यावरून रडायचो, आणि तू चिडवायचास, "तू फुलाच्या पाटीत सापडलास, तुझं नाव कुठं असणार?"

तर पट्टी माझ्या हातात होती. काळ्या कागदाची, बारीक. मॅडम गेल्या होत्या, नाना पुढे रोगी बघत होते. मी पट्टी किंचित खाली लावली असती तर वरचा अनुस्वार राहिला असता. बाजूला लावली असती तर शेवटचा 'थ' राहिला असता. कुणाला कळलं नसतं. आईला तिचं नाव नाही मिळालं, निदान तुझ्या नावाचं एक अक्षर पुस्तकात राहिलं असतं, आणि फुलबाजारात दाखवता आलं असतं. मी फार वेळ बसलो. त्या तंबूतल्या माकडाची आठवण आली मला त्या वेळेला, का ते सांगता येणार नाही. मग मला नाना ओट्यावर काय म्हणाले ते आठवलं, आणि आईने ओट्याची कड कशी पुसली ते. मी पट्टी सरळ लावली. कडेला कड. आयुष्यात मी सरळ लावलेली ती पहिली वस्तू.

अंक घरी आणला तेव्हा आई भाकरी थापत होती. हात धुऊन आली. मी पान उघडून दिलं. तिने स्वतःचा हात ओळखला, हसली. मग पट्टीवर नख घासायला लागली.

"ह्ये काय चिकाटलंय?"

"पट्टी आहे आई. छापलेली आहे."

"निघत नाय?"

"नाही."

ती जरा वेळ घासत राहिली. मग बांगड्या मागे सारून आपला हात पुस्तकाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "हितं हाय की." आणि परत भाकरी थापायला गेली.

मला वाटायचं, आईला नाव छापून हवंय ते फुलबाजारासाठी. गोजराबाईसाठी. भाऊ, तिला वाचता येत नाही, गोजराबाईलाही येत नाही. माझ्याखेरीज आपल्या घरातलं वाचता येणारं माणूस एकच आहे, ते निफाडला राहतं. डावाच हात घ्या, हे ती मॅडमना सांगत नव्हती.

हा अंक शेकडो डॉक्टर बघतील. पट्टीखाली काय आहे ते त्यांतल्या एकालाही कळणार नाही, कळू नये, माझं कामच ते. तुला मात्र पान उघडल्याबरोबर कळलं असेल. मी कुठलाही नियम मोडलेला नाही.

दसरा तोंडावर आलाय. यंदा आपल्या दाराला झेंडूचं तोरण नाही, मॅडमनी झेंडूही बंद केलाय, तो शेवंतीचाच भाऊबंद निघाला. नुसती आंब्याची पानं लावणार. आईने सार्थकसाठी आपट्याची डहाळी बघून ठेवली आहे, सावळीरामाच्या बांधावरची, पानं मोठी आहेत. रांगतं पोर आता सोनं वाटण्याएवढं झालं असेल असं ती रोज एकदा म्हणते, कुणाला उद्देशून नाही, चुलीला.

सोनं द्यायला ये. वहिनींना आण. गाडीची अडचण असेल तर सांग, मी कुणाचा तरी ट्रक घेऊन येतो, सार्थकला पुढे बसवतो. येताना फुलं आणू नका.

छापलेल्या हातावर पट्टी आहे. खऱ्या हातावर नाही. येऊन वाच.

आईच्या हातावर जागा न मिळालेला,
तुझाच धाकटा,
भारत